दस्तगीरमामांची चौकशी

आमच्या घरात दोन भाषा नांदत होत्या. अव्वा, म्हणजे माझी आई, निपाणीकडची. लग्न होऊन कोल्हापुरात आली, पण रागावली की कानडीत जायची. आप्पा कोर्टात छापील मराठी, अशिलांशी कोल्हापुरी आणि अव्वाशी समझोत्याची कानडी बोलत. मी एकुलती एक, त्यामुळे दोन्ही भाषांतली बोलणी माझ्याच वाट्याला. घर भाड्याचं, गंगावेशीच्या अंगाला एका अरुंद गल्लीत. खाली दोन खोल्या, वर एक. खालची पुढची खोली म्हणजे आप्पांचं ऑफिस. आप्पा दिवाणी वकील होते. बांधावरून हमरीतुमरीवर आलेले भाऊ, विहिरीच्या पाळीवरून अबोला धरलेले चुलते, अशी माणसं त्यांच्या बाकावर बसलेली असत. येताना कुणी गुळाचा रवा आणी, कुणी वांगी, कुणी कोवळी कणसं. अव्वा आतून भाजी निरखायची आणि वांगी किडकी निघाली तर आप्पांना सांगायची, ह्याचा दावा काही खरा दिसत नाही. आप्पा हसायचे, पण त्या अशिलाचे कागद परत एकदा वाचायचे. फौजदारी कामाला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. पोलीस ठाण्याची पायरी चढलं की आपली झोप जाते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि झोप त्यांना फार प्रिय होती.

रविवारी अख्ख्या गल्लीत तांबड्या रश्श्याचा वास सुटे. आम्ही शाकाहारी; अव्वा खिडक्या लावून घ्यायची नाही, नुसती एक उदबत्ती लावायची आणि आपल्या पिठल्याला जादा लसणीची फोडणी द्यायची. शेजारी दस्तगीरमामा राहत. त्यांच्या जैतूनमामींनी आमच्यासाठी एक पितळी पातेलं वेगळं ठेवलं होतं. त्याला मांस कधी लागलं नाही. ईदेला त्यातून शीरखुर्मा यायचा आणि आमच्याकडून सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, त्याच पातेल्यातून परत जायची. ते पातेलं नक्की कुणाचं, हे पुढं पुढं कुणालाच सांगता येईना.

मामा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. बँड त्यांचाच, म्हणजे भागीदारीतला; लाल कोट, पिवळ्या झालरी, आणि सगळा ताफा मावेल असा एक टेम्पो. सकाळी गल्लीच्या तोंडाला दुधाच्या म्हशी येऊन उभ्या राहायच्या, कासंडीत धारांचा आवाज सुरू व्हायचा आणि तेवढ्यात मामांचा पहिला सूर निघायचा. गाणं वगैरे नाही, एकच लांबलचक सूर. तो छातीत मावेनासा झाला की मामा थांबायचे, खाकरायचे आणि परत तोच सूर धरायचे. माझी शाळा, कॉलेज, वकिलीची परीक्षा, सगळा अभ्यास त्या सुरावर झाला. मला अजूनही पूर्ण शांततेत वाचता येत नाही.

पण मामांची खरी कला वाजवण्याहून बोलण्यात होती. लग्नाच्या सिझनमध्ये ते कुठं कुठं फिरून येत आणि संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर बसून सांगत. गगनबावड्याच्या एका लग्नात पावसात नवरदेवाचा घोडा उधळला, ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल. एकदा घोड्यावर नवरा असायचा, एकदा नवऱ्याचा मेहुणा. एकदा घोडा दरीच्या तोंडाशी थांबायचा, एकदा थेट शाळेत शिरायचा. लहानपणी मी एकदा अडवलं होतं, की मामा, मागच्या खेपेला घोडा पांढरा होता. मामा जराही न अडखळता म्हणाले, "पावसात भिजला की काळा दिसतोय की, गिरजे." समोरचा मन लावून ऐकतोय असं दिसलं की मामांच्या तोंडून नवीन काहीतरी निघालंच पाहिजे. ते खोटं बोलत, असं मी कधीच म्हणणार नाही. ऐकणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, असा त्यांचा स्वभाव होता. जैतूनमामी नेमक्या उलट. त्या शेवयांचं काम करत. उन्हाळाभर गल्लीत बाजा टाकून शेवया वाळत घातलेल्या असायच्या आणि दिवसभरात मामींच्या तोंडून निघणारी वाक्यं बोटांवर मोजता यायची.

मला सनद मिळाली त्याच उन्हाळ्यात आप्पा लुनावरून पडले. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर आलं आणि ऑफिस त्यांच्या कॉटभोवती भरू लागलं. मी नवा काळा कोट घालून तारखा मागायला जायचे. कोट इतका कडक होता की हात पूर्ण खाली येत नसत.

त्या काळात दूरच्या एका शहरात स्फोट झाला होता, आणि नवा खास कायदा लागू होता. पेपरात रोज कुणी ना कुणी पकडल्याची बातमी असायची. आम्ही ती वाचायचो आणि पान उलटायचो. त्यातला एक धागा आमच्या गल्लीत येऊन पोचेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. झालं होतं इतकंच, की सोलापूरकडचं एक लग्न वाजवून मामांचा टेम्पो परत येत असताना रस्त्यात एका माणसानं हात केला. मामांनी त्याला गाडीत घेतलं, आपल्यातलं जेवण दिलं आणि मिरजेच्या अलीकडं उतरवलं. ही हकिकतही कट्ट्यावर सांगून झाली होती. मामा त्याला 'पावणं' म्हणत होते, कारण त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. पुढं तो माणूस कुठंतरी पकडला गेला आणि आपण कोल्हापूरच्या एका बँडच्या गाडीतून आलो असं त्यानं सांगितलं.

त्या दिवशी सकाळी सूर निघाला नाही. पहिल्यांदा अव्वाच्या लक्षात आलं. दूध तापवता तापवता ती दाराशी येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं जैतूनमामी आल्या. हाताला शेवयांचं पीठ तसंच.

"ह्यास्नी नेलं," त्या आप्पांना म्हणाल्या. "चहाच्या गाड्यावरनं. साध्या कपड्यातली माणसं हुती. जरा चौकशी हाय म्हणाले आनि जीपमधी बसीवलं."

"कुठं नेलं ते सांगितलं?"

"न्हाय."

"कागद कसला दिला? सही कुणाची घेतली?"

"न्हाय."

आप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं आता ते एखाद्या फौजदारी वकिलाचं नाव सांगतील. त्यांनी फोन मागितला. कोर्टातल्या ओळखीच्या कारकुनाला, एका जुन्या अशिलाला, अशा दोन-तीन ठिकाणी बोलले आणि मामांना कुठल्या ठाण्याच्या माडीवर बसवलंय ते काढलं. मग अव्वाला म्हणाले, "माझा कोट दे." अव्वा प्लास्टरकडं बघून कानडीत काहीतरी म्हणाली. ते इथं लिहीत नाही. पण कोट तिनं दिला.

गल्लीतली रिक्षा दारात आणली. आप्पा मागं आडवे बसले, पाय सीटवर पसरलेला, आणि मी ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी बाहेर. ठाण्यासमोर लिंबाच्या सावलीत रिक्षा उभी केली. जिना अरुंद होता, लाकडी होता, आणि आप्पांचा पाय काही त्यावरून जाणार नव्हता. हे त्यांना निघतानाच माहीत असणार, असं मला आता वाटतं.

"हे बघ गिरजा," ते म्हणाले, "भांडायचं न्हाय. आवाज चढवायचा न्हाय. एकच इचारायचं. अटक केली असंल, तर वकिलाला भेटू द्यावं लागतं. त्यांच्याच नव्या कायद्यात लिहिलंय. केली नसंल, तर माणूस उठून घरी येऊ शकतोय. दोन्हीतलं काय ते अर्जावर लिहून मागायचं. तोंडी नकार देणं सोपं असतंय. लिहून द्यायचं म्हटलं की माणूस विचार करतोय."

"आणि नाहीच दिलं तर?"

"तर तिथंच बसायचं. बसायला काय कायदा लागत न्हाय."

वर जिन्याच्या तोंडाशी एक वयस्क जमादार टेबल टाकून बसले होते. मी दस्तगीर मुल्लांची वकील म्हटल्यावर त्यांनी माझ्या मागं बघितलं.

"वकील कुठं हाईत?"

"मीच."

त्यांनी मला एकदा बघितलं, कोट एकदा बघितला आणि आत जाऊन आले. त्यांच्यापाठोपाठ साहेब बाहेर आले. चाळिशीचे, दमलेले, डोळे तांबारलेले. त्या माणसाचा मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतं.

"मॅडम, हे घरफोडीचं प्रकरण नाही," ते म्हणाले. "देशाच्या सुरक्षेचा विषय आहे. इथं वकिलाचं काम नाही. उद्या या."

"उद्या येईनच, साहेब," मी म्हणाले, आणि मग आप्पांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. अटक असेल तर भेट. नसेल तर घरी. काय ते लिहून द्या. अर्ज टेबलावर सरळ त्यांच्यापुढं ठेवला. साहेबांनी अर्ज वाचला. पेन उचललं, खाली ठेवलं, परत आत गेले. बराच वेळ गेला. मग जमादार म्हणाले, "पाच मिनिटं. साहेब समोर बसणार."

"बसू देत. दिसेल इतकं जवळ, ऐकू येणार नाही इतकं लांब." हेही आप्पांचंच.

मामा भिंतीला लागून उभे होते. सकाळपासून उभेच. मला बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला, "गिरजे, तू व्हय?" म्हणाले, आणि मग साहेबांकडं नजर जाताच मोठ्यानं म्हणाले, "नमस्कार, वकीलबाई." त्यांचे ओठ कोरडे पडून सोलले होते. वाजवणाऱ्या माणसाचे ओठ. ते त्यांना किती जपायचे ते मला ठाऊक होतं. रात्री झोपताना त्यांना तूप लावायचे. पाणी कुणी दिलं नव्हतं. मी जमादारांकडं मागितलं. त्यांनी मुकाट्यानं तांब्या आणून दिला.

"मारलं का?"

"न्हाय. एकानं हात उगारला. मी म्हणालो, त्वांडावर नको सायेब, वाजवायचं असतंय. मग थांबला." मामा हळू आवाजात पण जरा अभिमानानं म्हणाले, "मी सगळं सांगितलं की. पैल्यांदा सांगितलं, मग परत इचारलं, परत सांगितलं. दर खेपंला कायतरी नवं आठवतंय बघ."

मी हळूच विचारलं, "काय काय सांगितलंसा?"

पावणं क्लॅरिनेट ऐकून रडलं, हे सांगितलं होतं. मग पावण्याजवळ बॅग होती, हे. मग बॅग जड होती.

"मामा, बॅग होती?"

ते घोटाळले. "असंल की. जेवायला बसताना कायतरी बाजूला ठेवल्यागत केलं त्यानं."

"जड होती हे कसं कळलं?"

"सायेब लई मन लावून ऐकत हुते, गिरजे."

आजवर मी कितीतरी जबाब वाचले. जबरदस्तीनं घेतलेले, पढवलेले, विकत घेतलेले. पण एखादा माणूस निव्वळ चांगल्या श्रोत्यापायी स्वतःला फासाकडं नेतोय, हे मी त्या दिवशी बघितलं तसं परत बघितलं नाही. साध्या कायद्यात पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. त्या खास कायद्यात मात्र वरिष्ठ अधिकाऱ्यापुढं दिलेली कबुली पुरावा ठरायची. मामांच्या तोंडून अजून दोन-तीन नव्या आठवणी निघाल्या असत्या तर ते त्या माणसाचे जुने साथीदार होऊन बसले असते.

मी त्यांचा हात धरला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. रंगवायचं नाही. डोळ्यांनी बघितलं तेवढंच, एकदाच. परत विचारलं तर 'सांगितलंय' म्हणायचं. ज्या उत्तरानं आपल्यावरच बालंट येईल ते द्यायला तुम्ही बांधील नाही. गप्प बसायचा तुम्हाला हक्क आहे.

"मला?" मामांनी विचारलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "समोरच्यानं इचारल्यावर गप बसायचं? बरं दिसतंय का ते?"

"बरं दिसत नाही. तरी बसायचं."

खाली आले तेव्हा रिक्षावाल्यानं आप्पांना उसाचा रस आणून दिला होता. बॅगेचं ऐकून त्यांनी ग्लास तसाच हातात धरला.

"परत जा," ते म्हणाले.

"आत्ताच आले की."

"कायदा काय म्हणतोय? चौकशी चालू असताना वकिलाला भेटू द्यावं. पूर्ण वेळ बसू द्यावं असं न्हाय म्हणत. बरोबर? पण भेट एकदाच, असं कुठं लिहिलंय?"

मी नेमकं ते कलम उघडून बघितलं. खरंच लिहिलेलं नव्हतं. मग त्या दिवशी मी तो जिना किती वेळा चढले-उतरले ते मोजलं नाही. दर वेळी नवा अर्ज, दर वेळी तेच दोन प्रश्न. साहेब आधी चिडले, मग कंटाळले, मग मला बघितल्यावर नुसता हात करू लागले. मधल्या वेळात मी व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे. तिथून आतलं दिसायचं नाही, पण आवाज यायचा. सकाळी आतून मामांचा आवाज एकसारखा येत होता. दुपारनंतर प्रश्नच तेवढे ऐकू येऊ लागले. प्रश्न, मग शांतता, मग तोच प्रश्न मोठ्यानं. दाराच्या फटीतून एकदा दिसलं, मामांनी क्लॅरिनेट तोंडाला लावल्यासारखे ओठ आवळून धरले होते आणि कपाळावरून घाम गळत होता. त्यांना ते किती जड जात होतं हे फक्त आमच्या गल्लीलाच कळलं असतं.

दुपारी अव्वा आणि जैतूनमामी डबा घेऊन आल्या. भाकरी, खर्डा, दही, वांग्याची भाजी आणि कुठला सण नसूनही हुग्गी, कारण मामांना ती आवडायची. डबा तपासावा लागेल असं जमादार म्हणाले. अव्वानं डबा उघडून त्यांच्यापुढं सरकवला आणि भाकरीचा तुकडा मोडून खर्डा लावून हातातच दिला. "बघा तपासून." त्यांनी तो खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी दुसरा तुकडा घेतला. डबा आत गेला आणि दोघी खाली आप्पांजवळ थांबल्या. त्यानंतर मामांना बसायला स्टूल मिळालं, एवढं मात्र खरं.

ऊन कलायला लागलं तेव्हाच्या भेटीत मामा बदललेले होते. माझ्याकडं बघेनात.

"सही करतो," ते म्हणाले. "काय लिवलंय ते लिवू दे. संपवूया."

"का? इतका वेळ तर बसलासा."

बोलेनात. आता मलाच त्यांच्याकडून बोलणं काढायची पाळी आली. साहेब लांबून घड्याळ बघत होते. शेवटी मामा जमिनीकडं बघत म्हणाले, "उद्या जैतूनला आणून बसवू म्हणत्यात. ह्याच खोलीत. तिला इचारू म्हणत्यात. ती कधी एकटी कोर्टाच्या आवारात बी गेलेली न्हाय, गिरजे. तिला परक्या माणसापुढं बोलाय येत न्हाय. माझं काय बी होऊ दे."

आप्पांनी मला दिवसभर खास कायदा शिकवला होता. हे उत्तर साध्या, जुन्या कायद्यातलं होतं, आणि ते मला परीक्षेला पाठ केलेलं आठवलं. मी म्हणाले, "मामा, चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही. तिला काय विचारायचं असेल तर तिच्या घरी जाऊन विचारायचं."

"असं कोण म्हणतंय?"

"कायदा."

"लिवलंय?"

मी पिशवीतलं जुन्या कायद्याचं पुस्तक उघडलं. अक्षर बारीक होतं, त्यांना काही दिसलं नसतं, पण त्यांनी माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं आणि म्हणाले, "वाच." मी वाचलं. "परत वाच." परत वाचलं. अटक करायची वेळ आली तर गोष्ट वेगळी असते, हे मी त्यांना सांगितलं नाही. आजही सांगितलं नसतं. मामांनी बोट उचललं, मोठा श्वास घेतला आणि स्टुलावर सरळ बसले.

संध्याकाळच्या सुमाराला वरचे अधिकारी आले. कबुली लिहून घ्यायची तयारी करूनच आले होते. मी बाकावर, दार अर्धवट उघडं. त्यांनी मामांना नियमाप्रमाणं सांगितलं, की तुम्ही कबुली द्यायला बांधील नाही, दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. समजलं का?

"समजलं," मामा म्हणाले.

"मग सांगा."

मी कोटाच्या बाह्या मुठीत धरल्या होत्या. मग मामांचा आवाज आला, अगदी सपाट.

"पावणं रस्त्यावर हात करून उभं हुतं. गाडीत घेतलं. जेवाय दिलं. मिरजंच्या अलीकडं उतरलं. नाव इचारलं न्हाय."

"पुढं?"

"एवढंच."

"सकाळी बॅगेचं बोलला होतात. जड बॅग."

"बॅग मी बघितली न्हाय, सायेब. बोलायच्या नादात बोललो. मला ती खोड हाय. आमच्या गल्लीत कुणालाबी इचारा."

"तुम्ही त्याला ओळखत होतात असं ह्यात लिहिलंय. त्याच्यावर सही करायची आहे."

"वळखत न्हवतो. सही करत न्हाय."

त्यानंतर त्यांना आणखी बरंच विचारलं गेलं, गोडीनं आणि रागानं. मामा बोलले नाहीत. इतकी लहान गोष्ट मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकली नव्हती. साहेब आणि वरचे अधिकारी आपसांत हळू बोलले. मग साहेब बाहेर आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "घेऊन जा. बोलावलं की यायचं."

मामा कठडा धरून जिना उतरले. जैतूनमामींनी त्यांना वरून खालपर्यंत बघितलं, दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि "चला" म्हणाल्या. आप्पांचा पाय, आम्ही तिघी, मामा आणि रिकामा डबा, एवढं सगळं त्या एका रिक्षात कसं मावलं ते मला सांगता येणार नाही. आप्पांचा पाय मामांच्या मांडीवर होता. मामा तो नकळत चेपत होते, प्लास्टरवरूनच.

पुढचं थोडक्यात सांगते. मामांना आणखी काही वेळा बोलावलं. दर वेळी मी गेले. शेवटी त्यांचा साक्षीदार म्हणून मॅजिस्ट्रेटपुढं जबाब झाला. वर लिहिली तेवढीच वाक्यं. त्या सिझनच्या काही सुपाऱ्या परत गेल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही, नुसतं दुसऱ्या बँडला बोलावलं. मामा काही दिवस कट्ट्यावर आले नाहीत. मग आप्पाच कुबड्या घेऊन त्यांच्या दारात जाऊन बसू लागले, काही न बोलता, झोप लागेपर्यंत. तेवढं पुरलं असावं, कारण पाऊस सुरू व्हायच्या आत दोघंही परत आमच्या कट्ट्यावर होते. फौजदारी कामं मग माझ्याकडंच येत गेली आणि आप्पांनी ती अडवली नाहीत.

पण मला मधल्या एका दुपारबद्दल सांगायचं आहे. मी कोर्टात होते. गल्लीतला एक मुलगा धापा टाकत आला, की मामींनी बोलावलंय, पोलीस आलेत. मी धावतच गेले. गल्लीत बाजांवर शेवया वाळत होत्या. साध्या कपड्यातले दोघं मामींच्या दाराबाहेर, मामींनीच ठेवलेल्या पाटांवर बसले होते, हातात पाण्याचे पेले. ते मामींना गाडीत बसा म्हणायला आले होते. मामी उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या, शेजारी अव्वा, आणि भोवतीनं आमच्या गल्लीतल्या एकूण एक बायका. मामा आत होते. त्यांना बाहेर यायचं नाही असं मामींनी बजावलं होतं.

"वकीलबाई आली," मामी त्या दोघांना म्हणाल्या. "हे माझं घर. आता इचारा."

त्यांनी विचारलं. तो माणूस कधी घरी आला होता का?

"न्हाय."

तुम्ही त्याला बघितलंय?

"मी गाडीत न्हवतो. मला ठावं न्हाय."

कोल्हापुरातल्या बायका पुरुषांसारखं बोलतात तसंच त्या बोलल्या, 'न्हवतो'. त्या दोघांतला एक बाहेरच्या जिल्ह्यातला असावा. त्यानं ते लिहिताना जरा वर बघितलं. मग आणखी दोन-चार प्रश्न झाले. मामींची उत्तरं प्रश्नांपेक्षा लहान होती. परक्या माणसापुढं त्यांना बोलता येत नाही असं मामा म्हणाले होते. तसं मला तरी काही दिसलं नाही. दोघं उठले.

"थांबा," मामी म्हणाल्या. "तुमचं इचारून झालं. आता माझं एक हाय. ह्यास्नी सकाळधरनं उभं केलतं आनि पाणी दिलं न्हवतं. ते कुणी सांगितलं हुतं?"

दोघांतला मोठा माझ्याकडं बघू लागला. वकीलबाईंनी आता ह्यांना आवरावं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी कोट सारखा केला.

"उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही," मी त्याला म्हणाले.

तो खाली वाकून चपलेचा पट्टा लावू लागला. बराच वेळ लावत राहिला. मामी उत्तरासाठी थांबून राहिल्या.